मेज मांडणारी

ज्या बाईंविषयी हे लिहिते आहे त्यांनी हा मसुदा वाचला आहे. दोन जागी दुरुस्ती सुचवली आणि "नाव तेवढं घालू नकोस" म्हणून बजावलं. म्हणून इथे त्या नुसत्या ताई. एरवीही मी त्यांना ताईच म्हणते. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत आणि मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, नाव घेतलेलं नाही.

ताई ६३ वर्षांच्या. इंदुरातल्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. राहतात सुदामानगरात, मुलगा, सून आणि सातवीतल्या नातवाबरोबर. यजमानांना जाऊन नऊ वर्षं झाली. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूर आणि महूला काम सुरू केलं. ताईंचे आजोबा पुढे त्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नगरकडून आले आणि इथलेच झाले. आमच्या मंडळीची रविवारची उपासना हिंदीत होते. आम्ही मोजकी मराठी घरं बुधवारी संध्याकाळी कुणाकडे तरी जमतो, मराठीत प्रार्थना करतो, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गाणी म्हणतो. मी पूर्वी नर्स होते. आता मंडळीच्या घरभेटी माझ्याकडे आहेत, आणि ताईंचं प्रकरण माझ्याकडे आलं ते त्यामुळे.

२२ वर्षं प्रभुभोजनाचं मेज मांडायचं काम ताईंचं होतं. प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून पाव आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो असतो. आदल्या दुपारी ताई काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, पहाटे उठून त्याच पाण्यात उकळायच्या, कुस्करून मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळायच्या. पावाच्या कडा काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायच्या. कडा टाकायच्या नाहीत, त्या तुपात परतून नातवाच्या डब्यात जायच्या. मेजावरच्या पांढऱ्या कापडाला खळ देऊन घरी इस्त्री व्हायची. ४० भोकांची तीन तबकं, त्यात काचेच्या इवल्या प्याल्या. उपासना संपली की लोक बाहेर चहाला थांबायचे, आणि ताई मागच्या खोलीत गरम पाण्यात १२० प्याल्या विसळत असायच्या. हे सगळं मी २२ वर्षं पाहिलं, आणि एकदाही त्या खोलीत जाऊन प्याली पुसायला फडकं हातात घेतलं नाही. ही माझी चूक आहे आणि ती या प्रकरणाचाच भाग आहे.

ऑक्टोबरात मंडळीचा वर्धापनदिन झाला. शेवटी आभाराची यादी वाचली, दोन पानं. गायकगट, मंडपवाले, माइक दुरुस्त करणारा मुलगा, जेवण पुरवणारा केटरर, सगळ्यांची नावं आली. ताईंचं आलं नाही. त्या तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तबकं नातवाच्या हाती आली, कापडी पिशवीत, एका चिठ्ठीसह. चिठ्ठीत एवढंच होतं: प्याल्या ११९. एक जूनमध्ये फुटली. हिशेब ठेवावा. त्यानंतर त्या आल्या नाहीत. नाताळला आल्या, पण प्रभुभोजनाआधीच उठून गेल्या.

माझी पहिली भेट फसली

जानेवारीत गेले. ताईंनी पोहे केले, वर जिरावण भुरभुरलं, शेव घातली. मी खाता खाता तेच बोलले जे अशा वेळी सगळे बोलतात. "ताई, माणसं विसरतात, देव पाहतो ना." आणि वर बायबलातली मार्था-मरीयेची गोष्ट काढली: येशू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतली, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली, आणि येशूने मरीयेची बाजू घेतली. ताईंनी बशी उचलली आणि म्हणाल्या, "मरीया पायाशी बसली तेव्हा चुलीपाशी कोण होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. तरी बोल मार्थेलाच लागतात." पुढे विषय वाढवला नाही. मला दारापर्यंत सोडायला आल्या, एवढंच.

त्यांचं बरोबर होतं. "देव पाहतो" हे खरं आहे, पण माझ्या तोंडी त्याचा अर्थ "म्हणून आम्ही पाहायची गरज नाही" असा झाला होता. राबणाऱ्या बाईला मार्थेची गोष्ट ऐकवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. याहून वाईट म्हणजे "ख्रिस्ताने एवढं सोसलं, तूही सोस" हे वाक्य. मार खाणाऱ्या बायकोला, पगार बुडवलेल्या नोकराला ते ऐकवलेलं मी पाहिलं आहे. वधस्तंभ तोंड बंद करायला वापरू नये. ताईंच्या प्रकरणात कुणी छळत नव्हतं. तसं असतं तर वाट वेगळी असती आणि आधी सुरक्षितता पाहावी लागली असती.

त्या भेटीत एक गोष्ट मात्र नीट झाली. जुन्या सवयीने मी झोप आणि भूक विचारली. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. वजन उतरलंय. मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारलं. "मरावंसं नाही, पण सकाळी कचऱ्याची गाडी येते ना, तिचं गाणं ऐकलं की वाटतं, झाला का पुन्हा दिवस सुरू." दुसऱ्याच आठवड्यात त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड, साखर, रक्त सगळं तपासून झालं, त्यात काही निघालं नाही. डॉक्टरांनी दर पंधरवड्याला यायला सांगितलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी फ्रिजवर चिकटवून आले. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असं बसलं असेल तर ते नुसतं रुसणं समजू नये, आणि नुसती प्रार्थनाही पुरेशी समजू नये.

वही

दुसऱ्या भेटीला मी काही शिकवायला गेले नाही. "ताई, यादीत नाव नव्हतं, तेव्हा काय झालं ते सांगा," म्हटलं आणि ऐकत बसले. त्या तासभर बोलल्या. राग पाळकांवर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंवर, नव्हता, ज्याने यादी वाचली त्याच्यावरही फारसा नव्हता. राग कोणावर, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. मध्येच उठून कपाटातून एक वही आणली. शाळेतली, चौकटीच्या पानांची. २२ वर्षांचे पहिले रविवार, आणि प्रत्येकापुढे आकडा. किती जणांनी घेतलं. ९६. १०३. ८८, शेजारी "पाऊस". ११२, पुनरुत्थानदिन, म्हणजे ईस्टर. गणिताच्या बाईंचं अक्षर, आकड्याखाली आकडा.

मी पानं उलटत होते. सहज विचारलं, "यात तुमची प्याली कुठली? पहिली का शेवटची?"

ताई म्हणाल्या, "माझी कशाला मोजू? उरलं तर घ्यायचे मागे, धुताना."

"आणि नाही उरलं तर?"

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली. मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पाळक 'घ्या, खा' म्हणत ना, तेव्हा मी तबकाकडे बघत असायचे. पुरतील का, हाच विचार डोक्यात."

त्या वहीपर्यंत हे प्रकरण माझ्या लेखी दुर्लक्षाचं होतं. वही पाहिल्यावर त्याच्या तळाशी दुसरं काही दिसलं. दुर्लक्ष खोटं ठरलं नाही, ते तसंच राहिलं. पण ज्या मेजावर ख्रिस्ताचं बलिदान पाव आणि प्याल्याच्या रूपात माणसापुढे ठेवलं जातं, ते मेज दर महिन्याला मांडणारी बाई स्वतः त्या मेजाची पाहुणी कधी झालीच नव्हती. पाव देताना क्रियापदं येतात, घ्या आणि खा. दोन्ही घेण्याची. ताईंना फक्त देता येत होतं.

का, याचं उत्तर माहेरात निघालं. ताईंची पणजी मुक्ती मिशनमध्ये वाढली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि केडगावला सांभाळल्या, त्यातली ती एक. घरात हे अभिमानाने सांगितलं जायचं, आणि त्याला जोडून एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं: आपल्यावर उपकार आहेत, खाल्ल्या मिठाला जागायचं. आजोबांनी दवाखान्यात ते केलं, आईने मुलींच्या वसतिगृहात. ताईंनी मेजावर. वाक्य वाईट नाही. कृतज्ञता शिकवणाऱ्या घराला मी नावं ठेवणार नाही. पण लहानपणापासून ते ऐकत वाढलेल्या ताईंच्या मनात येशूही उपकार करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला होता, सगळ्यात मोठा सावकार म्हणून. त्याचं देणं फिटत नाही, तरी हप्ते भरत राहायचे. आणि हप्ता भरणारा माणूस पावती मागतोच. त्या ऑक्टोबरात पावती मिळाली नाही.

शेजारच्या काकूंनी, त्या ब्राह्मण आहेत आणि ताईंच्या जिवाभावाच्या, गीतेतला श्लोक सांगून पाहिला होता. कर्म करावं, फळाची आशा धरू नये. ताईंना तो पटायचा आणि जमायचा नाही. ख्रिस्ती माणसाला वेगळ्याच टोकाकडून सुरुवात करावी लागते. त्याला आधी सांगितलं जातं ते दुसऱ्या कोणाच्या कर्माचं फळ घ्यायला, आणि ताईंचं अडलं होतं ते तिथेच.

एकाच पत्रातली दोन पानं

मंडळीच्या कमिटीपुढे मी बायबलातल्या रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय वाचला. तोही आभाराचा आणि सलामांचा अध्याय आहे. फिबी, प्रिस्का, मरीया, त्रुफैना, त्रुफासा. पर्सिस, जिने प्रभूमध्ये फार श्रम केले. पंचवीसहून जास्त नावं, त्यात बायका कितीतरी. पत्र लिहिणारा पौल इतकी नावं आठवून आठवून घालतो, आणि आपण आपल्या इतिवृत्तात गेली २२ वर्षं मेजाचं काम कोण करतं ते एकदाही लिहिलेलं नाही. स्वयंपाकघर, कापडं, भांडी ही कामं आपल्या मंडळ्यांच्या कागदांवर येतच नाहीत. एक जण म्हणाले, "राहून गेलं." दुसऱ्यांनी सुचवलं, पुढच्या रविवारी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. मी हात जोडून नको म्हटलं. आधी घरी जा, चुकलं म्हणा, कारणं सांगू नका. दोघं गेले. एकाने कारणं सांगितलीच. दुसऱ्याने फक्त "ताई, आमचं चुकलं" म्हटलं आणि गप्प बसला. ताईंना पुढे आठवला तो हा दुसरा.

ताईंबरोबर मी त्याच पत्राचा ५ वा अध्याय वाचला. मुद्दाम १६ व्यानंतर. आधी १६ वा वाचताना त्या बोट फिरवत होत्या. "बघ, पर्सिसचं नाव आहे." हो, आहे, आणि तुमचं असायला हवं होतं, असं मी म्हटलं. मग मागची पानं उलटली. "आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला."

ताई थांबल्या. "म्हणजे जमेची बाजू कोरी असताना."

"हो."

त्यांना 'पापी' हा शब्द कधीच लागू वाटला नव्हता, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. दारू नाही, खोटं नाही, कोणाचं घेतलं नाही. पण दोन आठवड्यांनी त्यांनीच लूकच्या शुभवर्तमानातल्या थोरल्या मुलाची गोष्ट काढली. धाकटा भाऊ पैसा उधळून परत येतो, बाप मेजवानी देतो, आणि घरी राबलेला थोरला रुसून बाहेर थांबतो. बापाला म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी केली, मला कधी करडूसुद्धा दिलं नाही. "मी ती आहे गं," ताई म्हणाल्या. चाळिशीत दारू सोडून मंडळीत आलेल्या एका माणसाची साक्ष, म्हणजे आपण कसे बदललो ते त्याचं सांगणं, सगळ्यांनी डोळे पुसत ऐकली होती, त्या रविवारी त्यांना मागच्या खोलीत प्याल्या आपटाव्याशा वाटल्या होत्या. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बाप त्या थोरल्यासाठीही अंगणात आला, हे मी त्यांना म्हटलं. तो मुलगा पुढे घरात गेला की नाही, हे लूक सांगत नाही. गोष्ट तिथेच संपते.

कलस्सैकरांस पत्रात एक चित्र आहे: आपल्याविरुद्धचा देण्याचा लेख ख्रिस्ताने खोडला आणि वधस्तंभाला खिळून टाकला. सावकाराने खत फाडावं तसं. ते ऐकून ताईंनी विचारलं, "मग मी २२ वर्षं काय फेडत होते?" मला उत्तर आलं नाही आणि मी ते बनवलंही नाही.

हा माणूस बाप्तिस्मा झालेला, सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, झालेला, जन्मभर मंडळीतला. त्याला 'ख्रिस्ताचा स्वीकार कर' म्हणायचं कसं, असा प्रश्न एका वाचकाला पडेल. मलाही पडला. तेव्हा रमाबाईच आठवल्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, आणि पुढे काही वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. पणजीला ज्या बाईंनी वाचवलं त्यांचंच हे म्हणणं आहे, हे सांगितल्यावर ताई म्हणाल्या, "आमच्या घरात हा भाग कोणी सांगितलाच नाही."

उजवा हात

फेब्रुवारीच्या शेवटी ताई ओल्या अंगणात घसरल्या. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. देवाने धडा शिकवायला हात मोडला, असं मी म्हणणार नाही आणि कोणी म्हटलेलं मला चालणार नाही. हात मोडला, कारण फरशी ओली होती. पण त्या सहा आठवड्यांत जे घडलं ते कोणत्याही वाचनाने घडलं नसतं.

त्या घरात पाहुण्याला स्वतःचा कप विसळू देत नाहीत. सुनेने कधी ताईंसाठी काही केलेलं मी पाहिलं नव्हतं. ती करत नव्हती म्हणून नव्हे. ताई करू द्यायच्या नाहीत. आता वेणी सून घालत होती. ती झाबुआकडची, हिंदीच बोलते, ताईंना मम्मी म्हणते. डाव्या हाताने चमचा धरून ताई वरण-भात खायला गेल्या तर अर्धा पदरावर सांडला. तिसऱ्या दिवशी सुनेने ताट स्वतःकडे ओढलं, भात कालवला, घास करून समोर धरला आणि म्हणाली, "मम्मी, मुँह खोलिए."

ताईंनी मला सांगितलं ते असं. "आधी राग आला. मग लाज वाटली. मग भूक लागली."

मार्चमध्ये पाळकांना घेऊन मी प्रभुभोजनासाठी घरी गेले. आजाऱ्यांसाठी आमच्याकडे तशी पद्धत आहे. ताई लगेच उठल्या, डाव्या हाताने टीपॉयवरचं कापड सारखं करू लागल्या. मी त्यांना बसवलं. "मी काय करू?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हटलं. पाळक म्हणाले, घ्या, खा. ताईंना एका हाताने तबक आणि पाव दोन्ही सांभाळता येईना, म्हणून पाळकांनी तुकडा त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवला. त्यांनी बराच वेळ तो नुसता पाहिला. पाव बाजारातला होता, कडा नीट काढलेल्या नव्हत्या. मग खाल्ला. रडल्या नाहीत. रडलो ते आम्ही.

जाताना त्यांनी नातवाला वही आणायला सांगितली. त्यांना लिहिता येत नव्हतं. "आजची तारीख टाक. पाच लिही."

नातवाने बोटांवर मोजलं. पाळक, त्याचे आई-बाबा, आणि मी. "आजी, तुला धरून पाच?"

"मला धरून."

आता

प्लास्टर निघालं. मूठ अजून पूर्ण वळत नाही, व्यायाम चालू आहे. झोप सुधारली आहे, पहाटेची जाग आठवड्यातून दोनदा येते. डॉक्टरांकडे जाणं अजून चालू आहे. पुनरुत्थानदिनाला ताई तिसऱ्या बाकावर होत्या, आणि तबक आलं तेव्हा त्यांनी घेतलं, सगळ्यांबरोबर. मेजाचं काम आता तरुण मंडळातली दोन मुलं आणि मी करते. पहिल्या महिन्यात मनुका आम्ही एकदाच गाळल्या, तर प्याल्यांत साली आल्या. ताईंनी ती प्याली प्यायली आणि चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन सांगितलं, दोनदा गाळायचं असतं.

कमिटीने इतिवृत्तात ठराव घातला. ताईंनी तो वाचला, "बरं झालं" म्हणाल्या. ज्याने कारणं सांगितली त्याच्याशी त्यांचं अजून जुळलेलं नाही. सलाम करतात, बोलत नाहीत. त्यावर आम्ही अजून बोलतो आहोत. त्या म्हणतात, क्षमा करायची आहे हे कळतंय, वेळ लागेल. मी घाई करत नाही.

ऑक्टोबरात पुन्हा वर्धापनदिन आहे. यादी कोणी लिहायची ते ठरलेलं नाही. ताईंनी परवा फोन करून विचारलं, त्या मुलांना काळ्या मनुका कुठल्या दुकानात चांगल्या मिळतात ते माहीत आहे का.